वाकळेत घालण्याआधी बाराबंदी मापून ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कित्तूरचा उत्सव असो की बेळगावातले शिवजयंतीचे चित्ररथ, पोशाख बेतले जातात ते टीव्हीवरच्या मालिका बघून. राणी चन्नम्मांची इंग्रजांशी लढाई १८२४ ची, नंदगडला त्यांचे सेनानी संगोळी रायण्णांना फाशी झाली १८३१ साली. तेव्हा शिलाई मशीन बाजारात नव्हतं, आणि पहिला कृत्रिम जांभळा रंग निघाला १८५६ मध्ये. मग त्या काळच्या सरदाराच्या अंगावर चकचकीत जांभळं पॉलिएस्टर आणि पाठीला चेन कशी?

खरा नमुना आपल्याच भागातल्या जुन्या ट्रंकांत असतो. पणजोबांची बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायची बंडी, विसाव्या शतकातली असली तरी तिचा बेत बहुधा जुनाच असतो. हातमागाच्या कापडाचा पन्हा (रुंदी) कमी, म्हणून सरळ पट्ट्या जोडून अंग करायचं, घेर हवा तिथे कळ्या (त्रिकोणी तुकडे) घालायच्या. कापडाची किनारच कडेला घेतली की तिथे दुमड लागत नाही. बाही सरळ जोडलेली, आजच्यासारखा गोल मुंढा (बाही बसवायला कापलेला गोलावा) नाही.

सगळी गोम काखेत आहे. तिथे साधारण चार इंची चौकोनी तुकडा तिरका बसवलेला असतो. तो वगळला की हात वर करताना अख्खी बंडी वर ओढली जाते आणि सगळा ताण एका कोपऱ्यावर येऊन शिवण तिथेच उसवते. शिंपी मग काख सैल करतात. त्याने बंडी ढगळ दिसते, ताण जात नाही.

बारा बंद म्हणजे सहा जोड्या. एक इंच रुंद, दहा इंच लांब पट्टी उभ्या धाग्यात कापून चौपदरी दुमडली की पाव इंचाचा बंद होतो. तिरकी कापलेली पट्टी ताणत जाते आणि गाठ सुटते. बंद लावायच्या जागी आतून छोटा चौकोनी तुकडा द्यावा, नाहीतर पाच-सहा वेळा बांधल्यावर कापडच फाटतं. मांजरपाट आधी रात्रभर भिजवून, खळ काढून, इस्त्री करून मगच कापावा. न धुता शिवलेली बंडी पहिल्याच धुण्यात आटते. दोऱ्याला मेण लावावं. लांब शिवणीला बारीक धावदोरा चालतो, पण काखेत आणि बंदांपाशी प्रत्येक टाका मागे घेऊन घालावा.

बायकांसाठी गुळेदगुड्डच्या खणाची, पुढे गाठ मारायची चोळी हवी. शिवलेली नऊवारी लहान मुलांना सोयीची, पण तिला ऐतिहासिक म्हणू नये.

जुना कपडा मापताना उसवू नका. स्वच्छ पांढऱ्या पंचावर सपाट पसरा, न ताणता टेपने मापा, शेजारी पट्टी ठेवून आतल्या शिवणींचे फोटो घ्या. टाचण्या टोचू नका, धुऊ नका. जुनं रेशीम घडीवरच चिरतं, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी. कपड्यावरची जरतार काळी पडली म्हणून चिंचेने घासू नये. चमक येत नाही, वरचा मुलामा मात्र जातो.

आपल्या वृत्तपत्राने सीमाभागातल्या वाचकांकडून असे फोटो आणि मापं मागवून दर रविवारी एक कपडा छापावा, ही कळकळीची विनंती. उत्सव समित्यांनी निदान मुख्य पात्रांचे पोशाख तरी त्यावरून शिवावेत. त्यासाठी मापं शिंप्याच्या हाती दोन महिने आधी हवीत, कारण हातशिलाईची एक बाराबंदी दोन दिवसांत होत नाही.

आपले,
शिवणकाम करणारे काही वाचक,
शहापूर आणि खानापूर, जि. बेळगाव