रानड्यांमधला जज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१६ जानेवारीच्या अंकात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांच्या पुण्यतिथीची चौकट वाचली. समाजसुधारक, अर्थतज्ज्ञ, प्रार्थना समाज, सार्वजनिक सभा, सगळं आलंय आणि सगळं बरोबर आहे. पण नावाआधी जे न्यायमूर्ती लागतं ते कसलं काम करून लागलं याची एक ओळ नाही. दर वर्षी असंच होतं. माझ्या नातीला विचारलं तर ती म्हणाली रानडे म्हणजे गोखल्यांचे गुरू, बस, पुढे काही नाही. मी गोव्याच्या कोर्टांत ३१ वर्षं नोकरी केली, क्लार्क म्हणून लागलो आणि शिरस्तेदार, म्हणजे कोर्टाच्या दप्तराचा मुख्य कारकून, म्हणून रिटायर झालो, म्हापसा, डिचोली, फोंडा असा फिरलो, त्यामुळे मला हे जरा जास्तच लागतं. पत्र लांब होणार आहे, कापावं लागलं तर कापा पण कर्जाच्या दाव्यांचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

पहिलं म्हणजे हायकोर्टात रानडे फक्त शेवटची सातेक वर्षं होते. १ सप्टेंबर १८९३ ला न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग वारले, वय अवघं ४३, त्यांच्या जागी त्याच वर्षी रानड्यांना नेमलं. त्याआधी मुंबई हायकोर्टात कायम जज झालेले आपले लोक म्हणजे नानाभाई हरिदास आणि हे तेलंग, एवढेच. पण रानडे न्यायखात्यात आले १८७१ साली, पुण्याला सबजज म्हणून. म्हणजे बावीस वर्षं हा माणूस खालच्या कोर्टांत आणि त्यांच्या देखरेखीच्या कामात होता, पुणे, नाशिक, धुळे, मध्येच मुंबईला प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट, परत पुणे, स्मॉल कॉज कोर्ट म्हणजे लहान रकमेच्या दाव्यांचं कोर्ट. मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांतला, १८६२ चा बीए आणि १८६६ चा एलएलबी, आणि त्याच्यासमोर येणार कोण तर बांध सरकवला म्हणून भांडणारे भाऊ आणि चाळीस रुपयांच्या खतावरून, म्हणजे कर्जाच्या कागदावरून, कोर्टात ओढलेला कुणबी.

हायकोर्टाचा जज मोठा असतो, मान्य. पण साध्या माणसाला कायदा भेटतो तो तालुक्याच्या कोर्टात. आपल्याकडे पर्वरीला हायकोर्टात किती जण पोचतात? बहुतेकांचं आयुष्य केप्याच्या नाहीतर डिचोलीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात तारखा घेण्यात जातं. तिथला जज कसा आहे यावर सगळं असतं. मी सिव्हिल जज ज्युनियर डिव्हिजनच्या खुर्चीवर असे लोक बसलेले बघितलेत की पक्षकार हरला तरी हात जोडून बाहेर जायचा कारण त्याचं म्हणणं कोणीतरी पुरतं ऐकून घेतलेलं असायचं.

आता कर्जाचा भाग. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, नंतर ते लोण नगर जिल्ह्यात पण गेलं. यात बघण्यासारखी गोष्ट ही की लोकांना हवे होते ते कागद. खतं, रोखे, हुकूमनामे (कोर्टाचे वसुलीचे निकाल) शोधून जाळले. कारण कागदच त्यांचा गळा धरून होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर दावा लावायची मुदत तीन वर्षांवर आणली, हेतू असा की सावकाराने उगाच वर्षानुवर्षं लटकवू नये, झालं उलटंच, दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात घालून नवीन खत लिहून घ्यायला लागला, खाली अंगठा, आणि पहिले वीस रुपये कधी कशासाठी घेतले ते घेणाऱ्याला पण आठवेना. मग दावा. समन्स निघालं की शेतकरी घाबरून कोर्टाकडे फिरकत नाही, एकतर्फी हुकूमनामा, जप्ती.

यावर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना. त्याचं १२ वं कलम प्रत्येक लॉ कॉलेजमध्ये शिकवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. कोर्टाने नुसतं खत बघून निकाल द्यायचा नाही, व्यवहार अगदी सुरुवातीपासून उकलायचा, मूळ रक्कम किती, परत किती आली, व्याज किती चढवलं, सगळा हिशोब मांडायचा आणि मगच ठरवायचं देणं किती ते. शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणं बंद. खत करायचं तर गावच्या रजिस्ट्रारसमोर. दाव्याच्या आधी समेटाचा प्रयत्न. आणि लहान दाव्यांत अपील ठेवलंच नव्हतं, म्हणून खालच्या जजने चूक केली तर ती सुधारायला एक स्पेशल जज नेमला, त्याने फिरायचं, कोर्टं तपासायची, दप्तर बघायचं, चुकीचा निकाल फिरवायचा. रानडे १८८१ पासून या कामात असिस्टंट होते आणि १८८७ ला स्वतः स्पेशल जज झाले.

कोर्टाची तपासणी म्हणजे काय असतं ते मला विचारा. रजिस्टरं बाहेर काढायची, एकेक केस कुठे अडकली ते सांगायचं, तारीख का दिली, समन्स बजावलं की नुसतं दारावर चिकटवलं. सगळ्यात कंटाळवाणं काम, यात टाळ्या नाहीत आणि पेपरात नाव नाही. आणि रानड्यांचे डोळे अधू, वाचनाचं बरंचसं दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागायचं. असा माणूस वर्षानुवर्षं चार जिल्ह्यांतले तालुके पालथे घालत होता. त्यांची बायको रमाबाई कितीतरी वेळा बरोबर असायच्या, त्यांनी १९१० साली छापलेल्या आठवणींत हे दौरे आलेत, मुक्कामाला पोचल्यावरही वाचन आणि लिहिणं चालूच.

यात माझं स्वतःचं एक कारण आहे ते सांगतो. माझे वडील मुंडकार होते. म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेत आमचं घर, आजोबांच्या काळापासूनचं. वडिलांनी एका कागदावर अंगठा दिला होता, आत काय लिहिलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं, पोर्तुगीज येत नव्हतं आणि मराठी पण वाचता येत नव्हतं. त्यात होतं की घर भाटकाराने मेहेरबानी म्हणून तात्पुरतं दिलंय. १९७५ ला मुंडकार कायदा आला तेव्हा तोच कागद आडवा आला. समोर बसलेल्या अधिकाऱ्याने कागद बाजूला ठेवला आणि वडिलांना विचारलं, बाबा, हे घर कोणी बांधलं, माती कुठून आणली, माड कोणी लावले, हा कागद तुम्हाला कोणी वाचून दाखवला? तासभर विचारत होता. मी दाराशी उभा होतो, कॉलेजचं शेवटचं वर्ष. घर राहिलं. पुढे नोकरीत असताना मला त्या जुन्या कायद्याचं पुस्तक मिळालं, १२ वं कलम वाचलं आणि अंगावर काटा आला, कारण कागदाच्या मागे जाऊन बघायचं हेच तर त्या अधिकाऱ्याने केलं होतं. तेव्हापासून रानडे माझ्या घरातले झाले असं म्हटलं तरी चालेल.

कायदा पुरेसा नाही हेही त्यांना कळत होतं. सावकाराचा हात बांधला तर बी-बियाणाला पैसे कोण देणार? विल्यम वेडरबर्न, हा पण न्यायखात्यातलाच माणूस, त्याने पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढायची योजना मांडली, रानडे तिच्या पाठीशी होते. इकडच्या सरकारने मान्यता दिली आणि लंडनने नाकारली. ती बँक झाली असती तर पुढचे किती हाल वाचले असते.

आता सरकारशी संबंध. दिवसा सरकारी सबजज आणि बाकीच्या वेळात सार्वजनिक सभेचं काम, १८७६ च्या दुष्काळात गावागावातून माहिती मागवून सरकारला अर्जावर अर्ज, १८७८ पासून सभेचं त्रैमासिक, त्यात रानड्यांचं लिखाण. सरकारला आवडणार कसं? नाशिकला बदली. १८७९ च्या मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा जळाला, वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड चालू होतं, आणि रानड्यांची तडकाफडकी बदली धुळ्याला. तिथे त्यांची टपाल फोडून बघितली जायची, रमाबाईंनी हे लिहून ठेवलंय. बंडवाल्यांच्या नावाने त्यांना पत्रं यायची, ती त्यांनी सरळ पोलिसांकडे पाठवून दिली. मला यातलं सगळ्यात काय भावतं तर संशय घेणारं सरकार त्यांचं मालक होतं तरी त्यांनी खुर्चीवरचं काम एक दिवस बिघडू दिलं नाही. बदलीचा राग पक्षकारावर काढणारे लोक मी पाहिलेत म्हणून म्हणतो.

टिळकांच्या जामिनाची गोष्ट पण सांगायलाच हवी, कारण आम्ही सगळे टिळकभक्त घरातले आणि मला ती फार दिवस सलत होती. २७ जुलै १८९७ ला टिळकांना राजद्रोहाखाली पकडलं. २९ ला हायकोर्टात जामिनाचा अर्ज आला तो न्यायमूर्ती पार्सन्स आणि रानडे यांच्यासमोर. दोघांनी जामीन नाकारला, पण परत अर्ज करायला मोकळीक ठेवली. मग केस सेशन्सकडे गेली आणि ४ ऑगस्टला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तैयबजींनी जामीन दिला. तरुणपणी वाचलं तेव्हा रानड्यांचा राग आला होता. नंतर तीस वर्षं जामिनाचे अर्ज रोज हातातून गेले तेव्हा कळलं की मॅजिस्ट्रेटकडे केस अर्धी असताना येणारा अर्ज आणि केस सेशन्सकडे कमिट झाल्यावरचा, म्हणजे सोपवल्यावरचा, अर्ज यांत फरक असतो. तरी माझं मत विचाराल तर जामीन द्यायला हवा होता. तैयबजी बरोबर होते. आणि १९०१ ला रानडे गेल्यावर टिळकांनी केसरीत जे लिहिलं ते वाचा, इतकं वैर होऊनसुद्धा थंड पडलेल्या महाराष्ट्रात जीव ओतणारा माणूस म्हणून गौरव केलाय.

सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे रानडे, पहिली बायको गेल्यावर १८७३ ला वडिलांच्या हट्टापुढे नमले आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, स्वतः एकतीस वर्षांचे. लोकांनी बोल लावले आणि ते बरोबरच होतं. पुढे पुण्यात पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून प्रायश्चित्त घेतलं तेव्हाही हेच. घरच्यांपुढे आणि मित्रांपुढे हा माणूस वाकायचा, सरकारपुढे त्यांची लेखणी वाकली नाही. त्या अकरा वर्षांच्या मुलीला, म्हणजे रमाबाईंना, मात्र त्यांनी लगेच शिकवायला घेतलं आणि पुढे तिने काय काम उभं केलं ते सगळ्यांना माहीत आहे.

कोणी म्हणेल गोव्याचा यात काय संबंध, त्यांच्या काळी इथे पोर्तुगीज राज्य, कायदे वेगळे, १८६७ चा सिव्हिल कोड इथे लागू होता आणि हिंदूंच्या चालीरीतींचं १८८० चं वेगळं. खरं आहे. पण ऑक्टोबर १९८२ ला ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट, म्हणजे गोव्याचं तेव्हाचं वरचं कोर्ट, जाऊन मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ पणजीला आलं तेव्हा मी नोकरीत होतो, फायलींवरचे शिक्के बदलताना मी बघितलेत. ज्या हायकोर्टात तेलंग आणि रानडे बसले तेच आता आपलं हायकोर्ट आहे. मग ते आपले पण जज झाले की नाही?

तर माझी विनंती एवढीच. पुढच्या १८ जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, चौकट छापाल तेव्हा १८७१ ते १८९३ ही वर्षं त्यात घ्या. निफाडचा जन्म, कोल्हापूरचं बालपण हे दोन ओळींत आटपा, जागा स्पेशल जजला द्या. १२ व्या कलमाचं मराठी मी सोप्या भाषेत करून देतो, मोबाईलवर टाइप करायला नातीने शिकवलंय, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाठवतो.

आपला,
एक निवृत्त शिरस्तेदार, फोंडा
(नाव छापू नये)