सिंकचे बटण आणि सहा मात्रांचा गरबा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत संगणक आणि संगीत यांविषयी जे लेखन प्रसिद्ध झाले, त्यात ‘सॉफ्टवेअरच सगळे जुळवून देते, त्यामुळे डीजेला आता काही येण्याची गरज उरलेली नाही’ अशा अर्थाचे एक विधान ओघात येऊन गेले. हे मत सर्रास ऐकू येते आणि त्यात तथ्यही आहे; परंतु तरुणपणी हेच काम हाताने केलेला, आणि नोकरी-संसारात दोन दशकांहून अधिक काळ गेल्यावर सॉफ्टवेअरच्याच निमित्ताने पुन्हा त्याकडे वळलेला वाचक म्हणून मला ते अर्धेच पटते. यंत्राने आपल्या अंगावरचे कोणते काम उचलले आणि कोणते आपल्यावरच सोडले, याची वाटणी बाहेरून दिसते तशी नाही. विशेषतः गाणी आपल्याकडची असतील तर मुळीच नाही.

डीजे म्हटल्यावर महाराष्ट्रातील बहुतेक वाचकांच्या डोळ्यांसमोर मिरवणुकीतील स्पीकरच्या भिंती येतात, आणि त्या भिंतींविषयी माझे मत कोणत्याही त्रासलेल्या रहिवाशाहून वेगळे नाही. सन 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातलेली आहे, ती पाळली गेलीच पाहिजे. मी ज्या छंदाविषयी लिहीत आहे, म्हणजे दोन गाण्यांचे ठोके जुळवून एकातून दुसऱ्यात सलग जाणे, तो हेडफोनमध्ये चालतो आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसालाही त्याचा पत्ता लागत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, कॉलेजात असताना, मी शनिवार-रविवारी उपनगरातील एका साउंडवाल्याकडे मदतनीस म्हणून जात असे. नवरात्र, एकतीस डिसेंबर आणि कॉलेजांची गॅदरिंगे हा त्याचा हंगाम. त्याच्याकडे ‘टेक्निक्स एसएल-1200’ या जातीची दोन टर्नटेबले (रेकॉर्ड फिरवणारी यंत्रे) होती. ही जात 1972 साली बाजारात आली आणि 1979च्या सुधारित आवृत्तीपासून जगभरच्या डिस्कोथेकमध्ये ठाण मांडून बसली. तिची तबकडी पट्ट्याने न फिरता थेट मोटरने फिरत असल्यामुळे सुरू करताच क्षणार्धात वेग धरी, आणि उजव्या बाजूच्या सरकत्या पट्टीने तो वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता येई. म्हणजे मिनिटाला 120 ठोक्यांचे गाणे साधारण 110 ते 130 एवढ्याच टापूत फिरवता येत असे, आणि त्या टापूबाहेरचे गाणे पुढे लावण्याचा विचारही कोणी करत नसे. शिवाय वेगाबरोबर सूरही चढे. सुमारे सहा टक्के वेग वाढवला की काळी एकमधले गाणे लगतच्या वरच्या स्वरात, पांढरी दोनमध्ये, जाऊन बसे आणि गायिकेचा आवाज चिरका होई. त्यामुळे पट्टी हाती असूनही ती जपून सरकवावी लागे.

एक कान हेडफोनमधल्या पुढच्या गाण्याकडे, दुसरा हॉलमध्ये चालू असलेल्या गाण्याकडे, आणि दोन्हींचे ठोके एकावर एक बसेपर्यंत बोटाने रेकॉर्डला किंचित रेटणे किंवा रोखणे, हे शिकायला मला महिनोन्‌महिने लागले. हिंदी गाणी बहुधा कॅसेटवर असत आणि कॅसेट डेकला वेगाची पट्टी क्वचितच असे. तेव्हा पॉजचे बटण नेमक्या ठोक्यावर सोडून गाण्यांचे जोड देत रात्रभरात एक सलग कॅसेट तयार करणे हीच कारागिरी होती. परदेशी रेकॉर्ड आखातातून किंवा लंडनहून येणारे कोणाचे तरी मामा-काका आणत, नाहीतर काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाऊस’मध्ये तासन्‌तास चाळून एखादी घेता येई. ते दुकानही 2016 साली बंद झाले. मला नोकरी लागली, बदली झाली, साउंडवाल्याने टर्नटेबले विकून सीडी प्लेयर घेतले आणि माझा त्या कामाशी संबंध सुटला.

पुन्हा सुरुवात झाली ती भाच्यामुळे. नोकरीसाठी बंगळुरूला जाताना त्याने आपला कंट्रोलर माझ्याकडे ठेवला. कंट्रोलर म्हणजे दोन लहान चकत्या, मधोमध मिक्सर आणि लॅपटॉपला जोडण्याची एक केबल. गाणी यात नसतात, ती लॅपटॉपमध्ये असतात. मी त्यावर ‘मिक्स’ नावाचे मोफत सॉफ्टवेअर घेतले (इंग्रजी नावात एक्स हे अक्षर तीनदा येते, शोधताना ते ध्यानात ठेवावे). डेन्मार्कमधील एका संशोधकाच्या विद्यापीठीय कामातून 2001च्या सुमारास ते सुरू झाले आणि आज जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात. न्यूझीलंडचे ‘सेराटो’, बर्लिनचे ‘ट्रॅक्टर’ किंवा ‘रेकॉर्डबॉक्स’, ‘व्हर्च्युअल डीजे’ ही व्यावसायिक मंडळींची सॉफ्टवेअरे आहेत आणि ती अधिक गुळगुळीत चालतात यात शंका नाही. पण जुन्या लॅपटॉपवर, एक रुपयाही न भरता, छंद म्हणून हात बसवायचा असेल तर ‘मिक्स’ पुरेसे आहे.

‘सिंक’चे बटण प्रथम दाबले तेव्हा दोन गाण्यांचे ठोके डोळ्याचे पाते लवण्याआधी एकमेकांवर बसले. खरे सांगायचे तर आनंदाआधी मला थोडा अपमान वाटला. त्यातच ‘की-लॉक’ नावाची सोय वेग आणि सूर यांची फारकत करून टाकते, म्हणजे गाणे दहा टक्के जलद केले तरी काळी एक ती काळी एकच राहते. ज्या दोन अडचणींशी झुंजण्यात माझी उमेदीची रविवार-संध्याकाळ खर्ची पडत असे, त्या दोन्ही दोन बटणांत संपल्या होत्या. आपल्या लेखकांचे म्हणणे इथपर्यंत बरोबर आहे.

मग उरले काय? बहुतेक नृत्यसंगीत चार ठोक्यांच्या आठ-आठ आवर्तनांच्या, म्हणजे बत्तीस-बत्तीस ठोक्यांच्या तुकड्यांनी बांधलेले असते. मिनिटाला 120 ठोक्यांच्या गाण्यात असा एक तुकडा सोळा सेकंदांचा होतो. नवे गाणे त्या तुकड्याच्या तोंडाशी आणले तर ते आले हे कळतसुद्धा नाही. चार ठोके उशीर झाला तर नाचणाऱ्यांचे पाय क्षणभर अडखळतात, भले ठोके कितीही बिनचूक जुळलेले असोत. सिंकला ठोका कळतो. गाण्यातली समेची (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची) जागा, ओळीचा शेवट, गायिकेने श्वास घेतलेली फट हे आपल्यालाच ऐकावे लागते. आणि पुढे कोणते गाणे लावायचे हा प्रश्न तर यंत्राच्या कक्षेतच येत नाही. तो पूर्वीही सर्वांत अवघड होता आणि आजही आहे. फक्त पूर्वी ठोके जुळवण्याच्या धांदलीत त्याकडे लक्ष द्यायला सवड मिळत नसे. माझ्यापुरते सांगायचे तर, सॉफ्टवेअरने मला ती सवड दिली, आणि या वयात छंद पुन्हा जडला तो तिच्यामुळे.

आता आपल्या गाण्यांविषयी, कारण ‘सगळे जुळवून देते’ हे विधान इथे कोसळते. ही सॉफ्टवेअरे गाणे वाचून त्यावर ठोक्यांची एक जाळी आखतात. ड्रम मशीनवर बनलेल्या गाण्यात प्रत्येक ठोका समान अंतरावर असल्याने ती जाळी पहिल्यापासून शेवटपर्यंत बसते. पन्नास ते सत्तरच्या दशकांतील हिंदी-मराठी चित्रपटगीते मात्र वादकांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत. अंतऱ्यात लय किंचित चढते, शेवटच्या मुखड्याकडे आणखी चढते, आणि ते चढणे हा त्या गाण्याचा प्राण असतो. समान अंतराची जाळी अशा गाण्यावर टाकली की सुरुवातीला जुळलेले ठोके दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत उघड उघड सुटतात आणि सिंकचा दिवा मात्र शांतपणे उजळलेलाच राहतो. यावर दोन उपाय आहेत: जागोजागी जाळी हाताने हलवून घेणे, किंवा सिंक बंद करून चकतीला बोटाने रेटणे. मी दुसरा निवडतो. जुनी विद्या अशी अनपेक्षितपणे कामाला आली.

त्याहून मोठी अडचण मात्रांची, म्हणजे तालाच्या एका आवर्तनात किती ठोके येतात याची. केरवा तालाच्या आठ मात्रा यंत्राला झेपतात, कारण त्यात चाराचे दोन भाग पडतात. दादरा सहा मात्रांचा, पारंपरिक गरब्याचा हिंच ठेकाही सहाचा, आणि ही सॉफ्टवेअरे मुळात चार ठोक्यांचे आवर्तन गृहीत धरून बनलेली. माझ्या संग्रहातील एका गरब्याची लय कानाने मोजली तर 96 भरते, पण यंत्र तिथे ठामपणे 144 दाखवते, म्हणजे बरोबर दीडपट. ‘मिक्स’मध्ये मोजलेली लय दुप्पट, निमपट, दीडपट, दोन-तृतीयांश करण्याची सोय आहे, तिने हा आकडा सुधारता येतो, मात्र तो चुकला आहे हे आधी माणसाच्या कानाला कळावे लागते. तीच गत लूपची, म्हणजे गाण्याचा एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत ठेवण्याच्या सोयीची. लूपची तयार बटणे 1, 2, 4, 8, 16 अशी दुपटीने चढत जातात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 1973च्या ऑगस्टमध्ये ज्याच्या पार्टीपासून हिप-हॉपचा इतिहास मोजतात, तो जमैकात जन्मलेला कूल हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन गाण्यातला नुसत्या तालवाद्यांचा तुकडा लांबवत असे; लूपचे बटण हे त्याचेच यांत्रिक रूप. पण त्याचा तुकडा चाराच्या पटीतला होता. हिंचवर चाराचा लूप लावला तर सम दर फेरीला सरकते आणि टिपऱ्या हवेत थांबतात. नवरात्रात सहा मात्रांचा तुकडा धरायचा असेल तर ‘लूप इन’ आणि ‘लूप आउट’ ही बटणे आपल्या बोटांनी नेमक्या मात्रांवर दाबण्यावाचून गत्यंतर नाही.

सुरांचेही थोडे तसेच आहे. गाण्याचा स्वर ओळखून बारा घरांच्या चक्रावर जवळची घरे सुचवणारी जी पद्धत डीजे लोकांत रूढ आहे, ती मेजर आणि मायनर या दोनच कुळांना ओळखते. दोन गाण्यांचा षड्ज एक असला आणि चक्राने मान डोलावली, तरी एकात कोमल ऋषभ आणि दुसऱ्यात शुद्ध असेल तर तो जोड कानाला टोचतो. गाण्यातून गळा, ड्रम, बेस आणि उर्वरित वाद्ये वेगळी काढणारी नवी सोय ही तर गेल्या काही वर्षांतील सर्वांत थक्क करणारी गोष्ट आहे. आजच्या गाण्यांवर ती चोख चालते. तिच्यातून एक जुनी लावणी काढून पाहिली तेव्हा मात्र ढोलकीच्या शाईचा (चढ्या सुराच्या तोंडाचा) टणकार ड्रमच्या खात्यात गेला, धुम्याचा (खर्जाच्या तोंडाचा) घुमार बेसच्या खात्यात गेला आणि घुंगरू गायिकेच्या गळ्याला चिकटून राहिले. मला ते ऐकायला गंमत वाटली, पण त्याला ढोलकी म्हणता आले नसते.

पडद्याचा एक तोटा मात्र मला गंभीर वाटतो. दोन्ही गाण्यांच्या लहरी रंगीत पट्ट्यांच्या रूपात समोरून सरकत असतात, आणि त्या एकमेकींखाली नीट आल्या की माणूस ऐकणे सोडून पाहू लागतो. नव्याने शिकणाऱ्या मुलांचे डोळे मी पडद्यावर खिळलेले पाहतो. समोर चार माणसे नाचायची थांबली तरी त्यांना कळत नाही. सराव करताना मी पडद्यावर आपल्या दैनिकाची घडी उभी ठेवतो (रुंदी अगदी बेताची आहे) आणि फक्त कानांनी जोड देतो. माझ्या वयाच्या ज्या वाचकांना हे करून पाहावेसे वाटेल त्यांना एवढेच सुचवतो की लॅपटॉपच्या एकाच हेडफोन-खाचेतून चालू गाणे आणि पुढचे गाणे वेगवेगळे ऐकता येत नाही. कंट्रोलरमध्ये त्यासाठी अंगचेच साउंड कार्ड असते. ते घ्यायचे नसेल तर डावा-उजवा आवाज दोन वाटांनी फोडणारी डीजे स्प्लिटर केबल मिळते. तिने आवाज मोनो होतो, पण हात बसण्यापुरते भागते.

राहिला प्रश्न सहा मात्रांचा. व्यावसायिक कंपन्यांना दादऱ्यासाठी आपले सॉफ्टवेअर बदलण्याचे कारण नाही, त्यांचे गिऱ्हाईक वेगळे आहे. ‘मिक्स’चा मूळ प्रोग्राम मात्र सर्वांना खुला आहे आणि त्यात भर घालण्याची मुभाही सर्वांना आहे. आपल्या राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षासाठी हजेरीपटाचे आणि ग्रंथालयाच्या नोंदवहीचे तेच ते प्रकल्प वर्षानुवर्षे होत आले आहेत. त्याऐवजी एखाद्या गटाने दादरा, हिंच आणि सात मात्रांचा रूपक ओळखून आवर्तनाची लांबी बदलता येईल अशी भर त्यात घालावी, हे आपल्या दैनिकाद्वारे सुचवावेसे वाटते. या कामासाठी प्रोग्राम लिहिणारा आणि तबला वाजवणारा एका टेबलाशी बसावा लागेल. तबला वाजवणाऱ्याची सोय डोंबिवलीत मी करू शकतो.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)