काका, सिलिंजर दाखवलात त्याबद्दल

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं!" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. कॅनडातल्या या रेजायनाच्या थंडीत रात्री गाडीच्या इंजिनाला प्लग लावून ठेवायचा असतो, हे आम्हाला तुम्ही सांगितलंत. काकूंचे डबे, तुमचा जाडजूड कोट, सगळ्याचे आभार आहेतच. पण आज मानायचेत ते आइस हॉकीवाल्या माइक सिलिंजरबद्दल.

आमच्याकडे कॉन्ट्रॅक्ट संपलं की गाव बदलतं. पुण्याहून आईचा एकच प्रश्न, "अजून कुठे जम बसत नाही का गं?" हे मी काकूंना सांगत होते, तेवढ्यात तुम्ही जुना सामना लावलात. "हा आपल्या गावचा. एनएचएलमध्ये, म्हणजे हॉकीच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, बारा संघांकडून खेळला, विक्रम आहे!" बारा ठिकाणांहून घालवलेल्या माणसाचं एवढं काय कौतुक, असं मनात आलं होतं माझ्या.

मग तुम्ही रंगात आलात. इथल्या पॅट्स या ज्युनियर संघाकडून खेळताना गोलांवर गोल ठोकणारा पोरगा, 1989 मध्ये एनएचएलच्या नवोदितांच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) डेट्रॉइटने अकराव्या क्रमांकावर उचलला. पण तिथे त्याच्याच मधल्या जागी (सेंटरला) आयझरमन आणि फेडोरोवसारखे दिग्गज! पहिल्या फळीत याला जागा कुठून मिळणार? 1995 मध्ये त्याला अदलाबदलीत अ‍ॅनाहाइमला पाठवलं, आणि तिथून बिऱ्हाड पाठीवर ते कायमचंच. व्हँकुव्हर, फिलाडेल्फिया, टँपा, फ्लोरिडा, ओटावा... 2003 मध्ये तर कोलंबसने त्याला डॅलसला दिला आणि डॅलसने त्याच दिवशी फिनिक्सला. डॅलसची जर्सी अंगात घालायलाही मिळाली नाही. यावर तुम्ही इतके हसलात की काकू चहा सांडेल म्हणून ओरडल्या.

त्यानंतर रिमोट दाबून तुम्ही चित्र थांबवलंत. फेसऑफ, म्हणजे दोन खेळाडूंमध्ये पक (हॉकीची रबरी चकती) टाकून खेळ सुरू करतात तो क्षण. आपल्याच गोलपुढचं वर्तुळ, आपला एक खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला. सिलिंजर कमरेत वाकलेला, स्टिकवरचा खालचा हात उलटा धरलेला, नजर पक टाकणाऱ्या लाइन्समनच्या (पंचाच्या) हातावर. पक पडला, आणि क्षणात मागे, बचावपटूकडे. तुम्ही तोच तुकडा पुन्हा पुन्हा दाखवलात. गोल करणारे सगळ्यांना दिसतात, तुम्ही म्हणालात, पण शेवटच्या मिनिटाला एका गोलची आघाडी असताना प्रशिक्षक शोधतो तो हा माणूस. म्हणून तर प्रत्येक वेळी कुणीतरी त्याला मागून घ्यायचं. देणारा एक असतो तसा घेणाराही एक असतोच ना! आईच्या प्रश्नाला हे उत्तर मला तोवर सुचलंच नव्हतं.

स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, त्याला मिळाला नाही, हे तुम्ही लपवलं नाहीत, तेही बरं झालं. उगाच गोड शेवट मला पटला नसता. दर वेळी मुलांच्या शाळा, घर, बायकोची ओढाताण, त्याचा हिशोब कुठल्या आकडेवारीत येतो? पण चौतिशीत, 2005-06 मध्ये, सेंट लुइस आणि नॅशव्हिल मिळून 32 गोल, त्याचा सर्वांत चांगला हंगाम. हजारावा सामना न्यूयॉर्क आयलंडर्सकडून. खुब्याच्या दुखण्याने थांबला तोवर 1,049 सामने झाले होते. इतके सामने नको असलेल्या माणसाला कोण खेळवतं?

आता आमचा मुक्काम हॅलिफॅक्सला हलतोय. आईला या वेळी मीच आधी फोन करून सांगितलं, आणि कंपनीने मागून घेतलंय हेही सांगितलं. कोट मी परत करणार नाही, मागू नका. आणि पॅट्सची लीग वेगळी, ते काही तिकडे खेळायला येणार नाहीत, तेव्हा तिथल्या मूसहेड्स या ज्युनियर संघासाठी टाळ्या वाजवल्या तर रागावू नका.

काकूंना नमस्कार.

तुमची,
वरच्या मजल्यावरची