भिंगाचं कार्ड जपून ठेवा

मा. संपादक, स.न.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल पेपरात बरंच येतं, पण बसवलेलं भिंग पुढे जाऊन सरकलं तर काय, हे कधी वाचलं नव्हतं म्हणून लिहितोय. आमच्या अण्णांना काचबिंदू आहे, मोतीबिंदू काढून नऊ वर्षं झाली, सगळं झकास चाललेलं आणि दिवाळीत म्हणायला लागले डाव्या डोळ्यानं एका पणतीच्या दोन दिसतात. आम्हाला वाटलं नंबर वाढला, चष्मेवाल्याकडे हेलपाटे घालण्यात महिना गेला.

शेवटी डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुली मोठी केली तर भिंग, ते ज्या डोळ्यातल्या पातळ पिशवीत बसवतात तिच्यासकट खाली घसरलेलं, त्याची वरची कड बाहुलीच्या मधोमध चंद्रकोरीसारखी दिसत होती, मला मशीनमधून दाखवली. डोळ्यातलं प्रेशर ३२, नॉर्मल १० ते २१ असतं. अण्णांच्या डोळ्यात कोंड्यासारखे पांढरे कण साचतात, स्यूडोएक्सफोलिएशन म्हणतात त्याला, त्यानंच काचबिंदू होतो आणि भिंगाची पिशवी धरणारे बारीक धागेही त्यातच कमजोर होत जातात. म्हणजे पहिलं ऑपरेशन बिघडलं होतं असं नाही, आम्ही उगाच त्या डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडत होतो.

पण एक राग आहेच. तेव्हा भिंगाचं कार्ड, म्हणजे कुठलं भिंग बसवलं त्याचं स्टिकर लावलेलं कार्ड, आम्हाला कुणी दिलं नाही, आता विचारलं तर म्हणे जुनं रेकॉर्ड सापडत नाही. भिंग वन पीस (पायांसकट अखंड) की थ्री पीस (दोन पाय वेगळे जोडलेलं), पॉवर किती, यावर पुढचं ठरतं हो, तेच बसवायचं की काढून दुसरं घालायचं, टाक्यांनी बांधायचं की ग्लूनं चिकटवायचं (ग्लूची पद्धत चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांनी २००७ मध्ये आणली).

अण्णांचं प्रेशरचं ऑपरेशन आधी झालेलं, वरच्या पापणीखाली पाण्याचा निचरा होणारा छोटा फुगा आहे, त्याला धक्का लागून तो बंद पडला तर प्रेशर परत चढणार. म्हणून डॉक्टरांनी वरची बाजू सोडून डावी-उजवीकडून प्रोलीनचा (न विरघळणारा) दोरा भिंगाच्या पायात अडकवून डोळ्याच्या पांढऱ्या भागाला बांधला, तेच भिंग जागेवर आणलं. बुबुळाच्या पुढच्या कप्प्यात नवीन भिंग टाकणं सोपं असतं पण काचबिंदूवाल्यांना शक्यतो टाळतात म्हणे. नंतर आठवडाभर प्रेशरची धाकधूक होतीच, स्टेरॉइडच्या थेंबांनीही ते वाढू शकतं, त्यामुळे तीनदा तपासायला गेलो.

आता पणती एकच दिसते. काचबिंदूनं कडेची नजर गेलीय ती मात्र या ऑपरेशननं येत नाही, हे अण्णांना पटवायला वेळ लागला.

तर ऑपरेशन झाल्यावर डिस्चार्जच्या कागदासोबत भिंगाचं स्टिकर मागून घ्या आणि रेशनकार्डाच्या पिशवीत टाका. दवाखान्यांनीही न मागता द्यावं. अण्णांच्या या ऑपरेशनचं कार्ड मी लॅमिनेट करून आणलंय, त्यावर ते हसतात.

एक वाचक, सातारा