टाइल फोडण्याआधी

सांगली,
18 मे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. पाइपांसाठी भिंतीत झिरी मारण्यापासून कमोड बसवण्यापर्यंतचे सगळे काम स्वतः करून नवे स्नानगृह उभे करावे आणि महिन्याभरातच खालच्या खोलीच्या छताला ओल यावी, शॉवरच्या मागच्या भिंतीचा रंग फुगावा, याने तुझे आणि वहिनींचे मन किती खट्टू झाले असेल ते मी जाणतो. शॉवरखालची सगळी फरशी उखडावी, हा तुला मिळालेला सल्ला मात्र मला मुळीच पटलेला नाही. पाणी कोणत्या वाटेने येते आहे हे नक्की ठरेपर्यंत छिन्नीला हात लावू नकोस, एवढ्यासाठीच हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

स्नानगृहातून पाणी बाहेर पडण्याच्या वाटा तीनच असतात. टाकीकडून नळांकडे येणारी दाबाची लाइन, वापरलेले पाणी वाहून नेणारी सांडपाण्याची लाइन, आणि फरशी व भिंतीतून होणारी झिरप. या तिन्हींचे वागणे वेगवेगळे असते. दाबाची लाइन रात्रंदिवस भरलेली असल्यामुळे तिच्यातली गळती कोणी आंघोळ करो वा न करो, चालूच राहते आणि ओलीचा डाग कधी वाळत नाही. डाग आंघोळीनंतर काही वेळाने गडद होत असेल आणि तुम्ही चार दिवस गावी गेल्यावर फिकट पडत असेल, तर दोष सांडपाण्याच्या लाइनमध्ये किंवा फरशीत आहे. एक अपवाद मात्र लक्षात ठेव. डायव्हर्टरपासून, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे हे ठरवणाऱ्या कळीपासून, वर शॉवरपर्यंत जाणारा पाइप दाबाच्या लाइनचाच भाग असला, तरी त्यात फक्त शॉवर चालू असतानाच पाणी चढते. तुझ्या भिंतीवरचा फुगवटा शॉवरच्या उंचीपासून सुरू होतो, म्हणून माझा पहिला संशय तिथल्या एल्बोवर, म्हणजे पाइप वळवणाऱ्या काटकोनी जोडावर, आहे. वहिनींना दोन-तीन दिवस बादलीतल्या पाण्याने आंघोळ करायची विनंती कर आणि त्या दिवसांत भिंत वाळते का ते पाहा.

दाबाची लाइन तपासायला टाकीचे पाणी पुरेसे नाही. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो आणि तुझी टाकी नळांपासून फार तर चार मीटर वर आहे, म्हणजे तुझ्या पाइपांवर अर्धा किलोदेखील दाब येत नाही. इतक्या कमी दाबाला कच्चा सांधा नुसता पाझरतो, डोळ्यांना काही दिसत नाही आणि भिंत मात्र ओली होत राहते. सेकंदाला एक थेंब धरला आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर मानला, तरी दिवसाकाठी चार लिटरहून अधिक पाणी भिंतीत मुरते.

यासाठी दाब तपासायचा हातपंप वापरावा. गीझर काढून त्याचे थंड आणि गरम हे दोन्ही पॉइंट एका कनेक्शन पाइपने जोडले की दोन्ही लाइन एकत्र तपासता येतात. टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद करून बाकीच्या तोंडांना प्लग लावावेत आणि पाणी भरताना सर्वांत उंच तोंड थोडे सैल ठेवून हवा पूर्ण जाऊ द्यावी. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे हवा अडकलेली असेल तर पंपावरच्या दाबमापकाच्या काट्यावर विश्वास ठेवता येत नाही. डायव्हर्टर शॉवरकडे उघडा ठेवायला विसरू नकोस, नाहीतर नेमका संशयाचा पाइप तपासायचा राहून जाईल. मग पाइपावर छापलेल्या मर्यादेच्या बऱ्याच आत राहून दाब चढवावा आणि तासभर काटा पाहावा. काटा स्थिर राहिला तर ती लाइन निर्दोष समजावी आणि तिच्या वाटेची एकही टाइल फोडू नये.

काटा उतरला तर प्रथम दिसणारे सांधे पाहा. नळाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप आट्यांच्याच दिशेने गुंडाळलेली असली पाहिजे, आणि घट्ट बसवलेला नळ सरळ दिसावा म्हणून उलटा फिरवला की सांधा सुटलाच समज. तो पूर्ण काढून नवी टेप लावावी लागते. सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणीही सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपाचा, चिकटवलेला सांधा गळत असेल तर त्यावर बाहेरून सोल्युशन (पाइप चिकटवायचा द्रव) किंवा पुटी लावून काही साधत नाही. तेवढा तुकडा कापून नवा कपलर, म्हणजे दोन पाइप सरळ जोडणारा तुकडा, घालावा लागतो. पाइप काटकोनात कापावा, कडेची कुसळे काढावीत, आतून-बाहेरून कोरडे करावे, सीपीव्हीसीचेच सोल्युशन लावून पाव फेरा देत दाबून बसवावे आणि अर्धा मिनिट तसेच धरून ठेवावे. लाइनमधून थेंब-थेंब पाणी येत असताना केलेला सांधा टिकत नाही, म्हणून आधी सर्वांत खालचा नळ उघडून लाइन रिकामी करावी. पाणी सोडायची घाई करू नये. डब्यावर लिहिलेला वेळ पाळावा.

गरम पाण्याच्या लाइनविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. सीपीव्हीसीचा तीन मीटरचा पाइप चाळीस अंशांनी तापला तर सात-आठ मिलिमीटर लांबतो. तो सिमेंटमध्ये दोन्हीकडून जखडलेला असेल तर हा ताण एल्बोवर येतो. त्यामुळे गीझर चालू केल्यावरच ओल वाढते का, हेही नोंदवून ठेव.

छताच्या ओलीसाठी फरशीची परीक्षा वेगळी घ्यावी लागेल. नहाणी ट्रॅपचे, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचे, तोंड कापडाचा बोळा घालून बंद कर, उंबऱ्याच्या आत राहील इतके पाणी फरशीवर साठव, भिंतीवर पेन्सिलीने खूण कर आणि एक पूर्ण दिवस स्नानगृह बंद ठेव. पातळी उतरली आणि खाली ओल वाढली तर वॉटरप्रूफिंगमध्ये दोष आहे. पातळी टिकली तर बोळा काढून खायचा रंग मिसळलेल्या पाण्याच्या चार-पाच बादल्या ट्रॅपमध्ये ओत. छताला रंगीत डाग आला तर सांडपाण्याच्या पाइपाचा सांधा, किंवा ट्रॅप आणि फरशीखालचा सिमेंटचा कोबा यांमधली फट, यांपैकी एक ठिकाण नक्की धरावे. ही फट मी फार जागी पाहिली आहे, कारण प्लास्टिकच्या गुळगुळीत गळ्याला सिमेंट धरत नाही. कमोडसाठीही असाच रंग फ्लशच्या टाकीत घालून फ्लश कर आणि कमोडला सांडपाण्याच्या पाइपाशी जोडणाऱ्या मागच्या पॅन कनेक्टरचे रबर पाहा. त्याच्याभोवती पांढरे सिमेंट भरले नाहीस, हे उत्तम झाले.

हे सगळे पावसाळ्यापूर्वी उरकावे असे मला वाटते. ती भिंत पश्चिमेची आहे आणि नाशिकचा पाऊस सुरू झाला की बाहेरची ओल आतल्या ओलीत मिसळेल. मग कोणतीच परीक्षा खात्रीची राहणार नाही.

हातपंप माझ्याकडे आहे. पुढच्या शनिवारी मी तो घेऊन येतो. तोवर अर्धा इंची प्लग आणून ठेव, फरशीची परीक्षा पूर्ण कर आणि पाइप झाकण्याआधी काढलेली सगळी छायाचित्रे एकत्र करून ठेव, म्हणजे एल्बो नेमका कोणत्या टाइलमागे आहे ते मोजून काढता येईल. त्या रंगाच्या जादा टाइल शिल्लक आहेत का, तेही कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक