नावाडी भैया, आईच्या पायापुढे पाणी ओतलंत त्याबद्दल

नमस्कार भैया,

मनातलं मला हिंदीत नीट सांगता येत नाही म्हणून मराठीतच लिहितेय, माझी मुलगी याचं हिंदी करून तुमच्या पुतण्याच्या व्हॉट्सअपवर पाठवणार आहे. पण आपल्या लोकांनीही वाचावं असं फार वाटलं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. काशीहून घरी येऊन तीन आठवडे झाले तरी तुमच्या हातातला तो पत्र्याचा डबा काही डोळ्यापुढून हलत नाही.

त्या दिवशी तुम्हाला मी अर्धंच सांगितलं होतं. आम्ही वाईचे. कृष्णेचा घाट म्हणजे आमचं अंगणच, ढोल्या गणपतीसमोरच्या पायऱ्यांवरून उड्या मारत माझे बाबा पोहायला शिकले, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट सायकलवरून जाण्याइतका जवळ. त्यामुळे काशीला जायचं तर सगळे घाट पायी बघायचे, अस्सीपासून आदिकेशवपर्यंत, हे त्यांचं कधीचं ठरलेलं. कुठल्या घाटाला आपल्याकडच्या कुणाचा हात लागलाय ते वहीच्या एका पानावर लिहून काढलेलं. 2019 ला आई-बाबा एका यात्रा कंपनीबरोबर आले, भरपूर पैसे भरून, आणि कंपनीवाल्यांनी दशाश्वमेध घाटावर आरतीच्या गर्दीत पाऊण तास दिला. बाबांनी विचारलं तर मॅनेजर म्हणे, "काका, घाट सगळे सारखेच असतात, एक बघितला की झालं." बाबा भांडणारे नव्हते, कागदाची घडी घातली आणि बसमध्ये जाऊन बसले. 2021 ला ते गेले. कागद त्यांच्या पाकिटात सापडला, घड्यांवर फाटत आलेला.

सारखेच म्हणे! मला तो माणूस आजही समोर हवाय, त्याला धरून अस्सीवर उभा करायचाय.

आई 72 वर्षांची, गुडघे दुखणारी, पण चालणारच म्हणाली. पहाटे अस्सीवर आम्हाला जो भेटेल तो माझ्याशी बोलत होता, मॅडम, आजींना चालवू नका, मोटरबोटीत बसवा, दोन तासात 84 घाट दाखवतो. आई बाजूला उभी होती, तिला कुणीच काही विचारलं नाही. तुम्ही तिच्याकडे वळलात आणि म्हणालात, "माँजी पैदल चलेंगी, नाव साथ-साथ चलेगी." झालं, पुतण्याने वल्ही घेतली आणि तुम्ही आमच्याबरोबर पायी निघालात, दिवसभर.

आणि काय दिवस होता तो! मार्च संपत आलेला, पाणी खाली गेलेलं, त्यामुळे एका घाटावरून दुसऱ्यावर सलग जाता येत होतं. पावसाळ्यात या पायऱ्या बुडालेल्या असतात आणि ही वाटच राहत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. भदैनीला झाशीच्या राणीचं जन्मस्थान, तिथे आई वर जाऊन आली. चेतसिंह घाटाची ती किल्ल्यासारखी भिंत बघून मी थांबलेच, 1781 ला इंग्रजांचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याच्या माणसांना चुकवून काशीचा राजा चेतसिंह तिथल्या खिडकीतून नदीकडे उतरून निसटला होता. हरिश्चंद्र घाटावर चिता जळत होत्या, तिथे आपण कुणीच बोललो नाही. मग केदार घाटाचे ते लाल-पांढरे पट्टे, मग राजाघाट, जो अमृतराव पेशव्यांचा. आईने कागद काढून तिथल्या भिंतीला लावला, काही न बोलता.

दशाश्वमेधला पोचल्यावर ती म्हणाली, "इथनंच ह्यांना परत फिरवलं." हा घाट 1748 ला नानासाहेब पेशव्यांनी बांधून घेतलेला, शेजारचा अहिल्याबाईंच्याच नावाचा. ज्या माणसाला हे सगळं पाठ होतं त्याला तिथून बसमध्ये कोंबला. आई दहा मिनिटं बसून राहिली, तुम्ही तेवढ्यात लांब जाऊन उभे राहिलात, आणि ती उठल्याबरोबर परत शेजारी.

मणिकर्णिका पार केली आणि सिंधिया घाटावर, ते कललेलं रत्नेश्वर मंदिर आहे ना, तिथे आईच्या चपलेचा अंगठा तुटला. साडेबारा वाजलेले, दगड तापलेले. माझे बूट देऊ केले तर ते तिला मोठे, पायऱ्यांवर पडली असती. नावेत बस म्हटलं तर मान हलवली, ह्यांच्यासाठी पायीच जायचंय म्हणाली आणि तशीच अनवाणी दोन पावलं टाकली, आणि तिचा चेहरा मी बघितला. मला काही सुचेना, मी चिडले, तिच्यावरच ओरडले, त्याची मला अजून लाज वाटते.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. नावेतलं पाणी उपसायचा तो डबा, तेलाचा कापलेला, तो पुतण्याकडून मागून घेतलात, गंगेत बुडवला, वर आलात आणि आईच्या पुढ्यात दगडावर ओतलात. ती त्या ओल्यावरून चालली. तुम्ही परत खाली, परत भरून वर, परत पुढे. शेवाळ्याच्या पायऱ्या सोडून खरखरीत कोरड्या दगडांवरच ओतत होतात, ती घसरू नये म्हणून, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मी 31 खेपांपर्यंत मोजलं, पुढे मला मोजवेना. नागपूरकरांचा भोसले घाट गेला, पंचगंगा घाट आला, आणि तुम्ही एकदाही मागे वळून आमच्या तोंडाकडे बघितलं नाहीत, उपकार करतोय असं एका क्षणालाही वाटू दिलं नाहीत. रोज अंगणात सडा घालतात तसं चाललं होतं तुमचं. आणि आई त्या ओल्या दगडांवरून अशी चालली, कुणीतरी मोठं माणूस असल्यासारखी, मान वर करून. बाबा गेल्यापासून मी तिला असं चालताना बघितलं नव्हतं.

पंचगंगेवर सावलीत बसलो तेव्हा ती मला म्हणाली, नाथमहाराजांनी भागवत काशीतच पुरं केलं बघ, आणि मग तुमच्याकडे बोट दाखवून, "तहानलेल्या गाढवाला गंगा पाजली त्यांनी, आणि हा मला चालायला देतोय." तुम्ही विचारलंत माँजी काय म्हणाल्या, मी तेव्हा सांगितलं नाही, रडू आलं असतं. आता सांगतेय.

माझ्या आयुष्यात म्हाताऱ्या माणसांना मदत करणारे खूप बघितलेत भैया, हॉस्पिटलात, बँकेत, प्रवासात. बहुतेक जण त्यांना उचलून आपल्याला सोयीच्या जागी नेऊन ठेवतात आणि वर थँक्यूची वाट बघतात. तुम्ही तिला कुठेच हलवलं नाहीत, तिला जिथे जायचं होतं ती वाट तेवढी गार केलीत. असं वागायला कुणी शिकवत असेल का, की ते घरातूनच येतं? तुमच्या आईने तुम्हाला वाढवलं कसं असेल याचा मी फार विचार करते. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

दुर्गा घाटावर तुमच्या ओळखीच्या घरातून ती निळ्या पट्ट्यांची स्लीपर आणवलीत, तिथेच जवळ नाना फडणवीसांचा वाडा, कागदावरचं शेवटचं नाव. आईने तिथे कागद गंगेत सोडला नाही, मला वाटलं होतं सोडेल, पण तिने तो परत ब्लाऊजमध्ये ठेवला. पुढे राजघाटचा पूल आणि संध्याकाळी आदिकेशव, वरुणा जिथे गंगेला मिळते तिथे, तोवर ती इतकी दमली होती की तुमच्या पुतण्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तुम्ही ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाहीत, मी चिडून नोट नावेत टाकली तर ती आईच्या पिशवीत निघाली घरी आल्यावर.

स्लीपर मात्र आमच्याकडेच राहिली. दाराशी ठेवलीय, आई कुणाला घालू देत नाही, पुसून ठेवते. ज्यांची आहे त्या ताईंना सांगा की आणून देणार आहोत. देवदिवाळीला नको, फार गर्दी असते म्हणे, पुढच्या मार्चमध्येच येतो. आईने आत्तापासून विचारायला सुरुवात केलीय, उलट्या बाजूने, आदिकेशवपासून अस्सीपर्यंत चालता येईल का म्हणून.

तुमची,
वाईची दीदी