एका सत्रासाठी जाणाऱ्यांना शिष्यवृत्ती हवी

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती असो वा केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, दोन्ही पदव्युत्तर आणि पीएचडीच्या पूर्ण अभ्यासक्रमासाठीच आहेत. विद्यापीठांमधील करारातून एका सत्रासाठी परदेशी जाणारा विद्यार्थी त्यात बसत नाही. त्याला तिथले विद्यापीठ सहसा शिक्षण शुल्क माफ करते. गाडी अडते ती व्हिसापाशी. जर्मनीसाठी २०२४ मध्ये ठरलेल्या दराने दरमहा ९९२ युरो, म्हणजे पाच महिन्यांचे ४,९६० युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, आधीच भरून दाखवावे लागतात. विमानाचे तिकीट, विमा, खोलीची अनामत वेगळीच. शेतमजुराच्या मुलीने एवढी रक्कम आणायची कुठून? शिष्यवृत्तीचे मंजुरीपत्र व्हिसासाठी चालते, पण ते अर्जाच्या वेळी हातात हवे. परत आल्यावर बिले लावून पैसे मिळणार असतील, तर गरीब विद्यार्थी निघूच शकत नाही.

राज्याने सत्रापुरती स्वतंत्र योजना आणावी, मंजुरीपत्र किमान तीन महिने आधी द्यावे आणि ८० टक्के रक्कम निघण्यापूर्वी खात्यात जमा करावी. उरलेली रक्कम गुणपत्रिका आल्यावर. तिथले विषय इथल्या कोणत्या विषयांच्या बदल्यात धरणार, हेही महाविद्यालयाने आधीच लेखी द्यायला हवे. ते राहिले, तर ३० ईसीटीएस क्रेडिट (युरोपातील श्रेयांक; एका पूर्ण सत्राचे ३०) मिळवूनही इथले सत्र पुन्हा करण्याची वेळ येते.

– एक वाचक, पुणे